फळ्यावरचं ‘शे’

चैत्र लागला की माझं डोकं तापतं, आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो. शेजारच्या घरातून संध्याकाळी शिकवणीच्या मास्तरांचा आवाज यायला लागतो. “पुन्हा वाच.” मुलगा वाचतो. “चूक. पुन्हा.” मुलगा पुन्हा वाचतो, आधीपेक्षा वाईट. मग टेबलावर पट्टी आपटल्याचा आवाज येतो. मी खिडकी लावून घेते आणि उकाड्यात बसून राहते.

लोकांना वाटतं, परीक्षेचे दिवस आले की म्हाताऱ्या शिक्षिकेला जुनी मुलं आठवत असतील आणि तिचे डोळे भरून येत असतील. परवा एका समारंभात मला तसं बोलायलाही सांगितलं होतं. त्या काळचे गुरुजी कसे कडक होते, पण कसे मायाळू होते, यावर चार शब्द. मी नाही म्हटलं. कडक होते हे खरं. मायाळू होते, हे ज्यांनी मार खाल्ला नाही त्यांनी नंतर रचलेलं आहे.

मला एकच चैत्र आठवतो. सन तीसनंतरची ती पहिली काही वर्षं. मी नाशिकची, गोदाकाठच्या गल्लीत वाढलेली, लवकर विधवा झालेली. वडिलांनी हट्टाने ट्रेनिंग कॉलेजात घातलं होतं. त्यानंतर लोकल बोर्डाच्या शाळेत नेमणूक झाली ती बागलाणात, सटाण्याच्या पलीकडे, मोसम नदीकाठच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या हेडमास्तरांची नातवंडं आता शिकूनसवरून चांगल्या जागी आहेत, त्यांना त्रास नको.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. कांदे निघायचे. सगळ्या गावावर, कपड्यांवर, पिण्याच्या पाण्यावरसुद्धा तो तिखट वास बसलेला असायचा. मुलं पहाटे वावरात जाऊन कांदे उपटायची आणि तशीच शाळेत यायची, नखांत माती घेऊन. पाटी पुसायला थुंकी लावली की पाटीलाही कांद्याचा वास. दुपारी कौलं तापून आतली हवा जड व्हायची. आणि त्या हवेत सगळी शाळा एका सुरात धडा म्हणत असायची. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, काय सुंदर शिक्षण चाललं आहे.

मी आत होते. मला दिसत होतं की निम्म्या मुलांचे डोळे पुस्तकावर नव्हतेच. काहींची पुस्तकं उलटी होती.

हेडमास्तरांनी मला पहिल्याच आठवड्यात मागच्या बसकरावरची, म्हणजे शेवटच्या तरटपट्टीवरची मुलं दिली. बिगरीत आणि पहिलीत वर्षानुवर्षं अडकलेली, ज्यांच्याबद्दल ते सर्वांदेखत म्हणत, “ही मठ्ठ दगडं. यांना देवसुद्धा शिकवणार नाही. बाई, तुम्ही नवीन आहात, हात दुखेपर्यंत बघा.” हात दुखेपर्यंत म्हणजे छडी मारून. मुलं ते शब्द ऐकत होती. ‘मठ्ठ’ हा शब्द त्यांना वाचता येत नव्हता, पण तो आपलाच आहे हे त्यांना ठाऊक होतं.

त्यात एक मुलगी होती धुरपता. घरी आणि दारी तिला धुरपी म्हणत. बाप दगाजी, कांदा-बाजरी करणारा शेतकरी, स्वतः निरक्षर, पण एकुलत्या एक मुलीला शाळेत घालणारा. त्या गावात तेव्हा हे वेडेपणाचं समजत. धुरपी हाडापेराने मोठी, आवाजाने लहान. तिला वाचायला उभं केलं की ती आधी हेडमास्तरांच्या हाताकडे बघायची, मग पुस्तकाकडे.

मी आल्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. मुलं मला दिली होती, तरी त्या दिवशी हेडमास्तर स्वतः तिचा धडा घेत होते. ओळ होती, ‘शाळा जवळ आहे.’ धुरपीने बोट ठेवलं, थोडी थांबली, आणि वाचलं, “शाया जवय शे.”

छडी बसली. “कुठे लिहिलंय शे? दाखव. आ-हे. म्हण.”

“आ-हे.”

“आता वाच.”

“शाया जवय शे.”

पुन्हा छडी. मुलं हसली. मी त्या वेळी त्या हशाकडे लक्ष दिलं नाही, कारण मला एक गोष्ट एकदम दिसली होती. वाचता न येणारं मूल काय करतं? ते आ म्हणतं, हे म्हणतं, आणि गप्प बसतं. त्या आवाजांचं पुढे काय करायचं ते त्याला कळत नाही. या मुलीने छापलेलं ‘आहे’ पाहिलं होतं, त्याचा अर्थ डोक्यात नेला होता, आणि तो अर्थ तिच्या आईच्या भाषेत बाहेर काढला होता. त्या भागात अहिराणी बोलतात. तिथे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात आणि ‘ळ’चा ‘य’ होतो. धुरपी चुकली नव्हती. त्या वर्गात खऱ्या अर्थाने वाचणारी ती एकटी होती, आणि मार तिलाच बसत होता.

त्या दिवसापासून मला या मास्तरकीच्या धंद्याचा जो राग आला तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मुलांकडून पुस्तकं काढून घेतली. विचारलं, “घरी कोण कोण आहे?” कुणी बोलेना. शाळेत असा प्रश्न विचारतात हेच त्यांना माहीत नव्हतं. शेवटी धुरपी म्हणाली, “मन्ही माय वावरमा शे.” माझी आई शेतात आहे. मी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. एकेका शब्दाखाली बोट नेत तिला म्हटलं, “हे तू बोललीस. बघ, इथे आहे.”

ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग उठून फळ्याजवळ आली आणि ‘माय’ या शब्दावर बोट ठेवलं. खडू बोटाला लागतो का ते बघावं तसं. मी काही विचारलं नाही. मूल एखाद्या शब्दापाशी थांबलं की मोठ्यांना ती शांतता सोसत नाही. लगेच तोंडात शब्द कोंबतात, नाहीतर पाठीत धपाटा घालतात. त्या शांततेतच वाचन घडत असतं. पीठ भिजल्याशिवाय भाकरी थापता येत नाही हे आया जाणतात, आणि तेच मुलाच्या बाबतीत विसरतात.

त्यानंतर फळ्यावर रोज मुलांची वाक्यं आली. बांगड्या विकणाऱ्याची अमिना त्याच बसकरावर बसायची. ती घरी ‘है’ म्हणायची. तिचं ‘है’ मी ‘शे’च्या शेजारी लिहिलं आणि दोन्हींच्या शेजारी पुस्तकातलं ‘आहे’. म्हटलं, “तिघं एकाच घरातले. पुस्तकात भेटतो तो हा.” अमिनाने विचारलं, “पुस्तकवालं कुठं राहतं?” मी म्हटलं, “पुण्याकडे.” ती म्हणाली, “मग लांबून आलंय.” पाहुण्याला ओळखावं तसं तिने ‘आहे’ ओळखलं. तिला पुन्हा ते विसरताना मी पाहिलं नाही.

आता या सगळ्याला विद्वान लोक मोठी नावं देतात. माझ्याकडे नावं नव्हती. छापलेल्या ओळीतून आपल्याशी कुणीतरी बोलतंय हे कळणं म्हणजे वाचणं, एवढंच मला समजलं होतं. आणि अनोळखी माणूस बोलतो ते कळायच्या आधी आपल्या माणसाचं बोलणं कळावं लागतं. यात अवघड काय आहे ते मला आजही समजत नाही. शेजारच्या मास्तरांना समजावून सांगायला मी एकदा गेले होते. ते हसून म्हणाले, “आजी, आता अभ्यासक्रम फार वाढलाय.”

हेडमास्तरांनी फळा पाहिला तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, “बाई, हे काय लिहिलंत? शाळेत अहिराणी?”

“मुलांची वाक्यं आहेत.”

“पुसा. तपासणी जवळ आली आहे. दिपोटी साहेबांनी पाहिलं तर माझी नोकरी जाईल.”

दिपोटी साहेब म्हणजे शाळा तपासायला येणारे अधिकारी. चैत्रात ते यायचे आणि सगळ्या वर्गांची परीक्षा घ्यायचे. पास-नापास त्यांच्या हाती. हेडमास्तरांना रात्री झोप लागत नसे, असं त्यांची बायको मला विहिरीवर सांगायची. त्यांचं घर माझ्या खोलीला लागून होतं. भिंत पातळ. एका सकाळी मी ऐकलं, ते बायकोला म्हणत होते, “मन्ही टोपी कोठे शे?”

मी चहा गाळत होते. हा माणूस बागलाणातलाच होता. त्याच्या घरात ‘शे’ होतं. चार पावलं चालून शाळेत आला की त्याच शब्दासाठी तो मुलांना मारत होता. तोवर मला वाटत होतं, त्यांना कळत नाही म्हणून ते मारतात. ती सोयही त्या सकाळी संपली.

तपासणीच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, “उद्या तुमच्या बसकरावरची पोरं घरी राहू देत. कांदे काढायला गेली आहेत म्हणून सांगू. दर वर्षी तसंच करतो.”

“मी त्यांना यायला सांगितलंय.”

“तुम्हाला नोकरी करायची आहे ना?”

“करायची आहे,” मी म्हटलं. “म्हणूनच.”

दिपोटी साहेब आले. कोट, टोपी, घामाने ओला रुमाल. माणूस वाईट नव्हता. मुलांना बसा म्हणाला, पाणी मागितलं तेव्हा शिपायाला ‘अहो’ म्हणाला. हे मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसांनी केलेला अन्याय लक्षात येतो आणि चांगल्या माणसांनी केलेला तसाच राहून जातो.

त्यांनी सोबत दुसरंच पुस्तक आणलं होतं, मुलांनी न पाहिलेलं. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. पहिल्यांदा त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्याला, पाटलांच्या मुलाला, उभं केलं. त्याने पुस्तक हातात घेतलं, पानाकडे पाहिलं, आणि खणखणीत आवाजात शाळेच्या पुस्तकातला पाठ असलेला धडा म्हणायला सुरुवात केली. समोरच्या पानावर विहीर आणि झाड होतं. तो राजाची गोष्ट वाचत होता. मध्ये पानही उलटलं. साहेब हसले. म्हणाले, “घाबरला आहे. आवाज छान आहे, उच्चार स्वच्छ आहेत.” त्याच्या नावापुढे खूण झाली. पास.

मग धुरपी. ओळी होत्या, ‘विहिरीजवळ एक जुने झाड आहे. त्याच्या फांदीवर मधमाश्यांचे पोळे आहे.’

तिने हेडमास्तरांच्या हाताकडे पाहिलं नाही. पुस्तकाकडे पाहिलं, ओठ हलवत ओळ मनात वाचली, मी शिकवलं होतं तशी, आणि मग मोठ्याने म्हणाली, “विहिरीजवय एक जुनं झाड शे. तेना फांदीवर मधमाश्यानं पोयं शे.”

वर्गात कुणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा वर केला. “पोळं म्हणजे काय गं?”

“माशा चावतस तठे,” ती म्हणाली. “तठे हात घालू नही.”

याहून चांगलं उत्तर कुणी देऊ शकत नव्हतं. साहेबांनी पेन्सिल उचलली आणि हेडमास्तरांना म्हणाले, “उच्चार अशुद्ध. पुस्तकात नाही ते वाचते. नापास.”

मी पुढे झाले. “साहेब, तिने वाचलं.”

“काय वाचलं? छापलेला एक शब्द धड आला नाही.”

“छापलेल्याचा अर्थ वाचला. त्या आधीच्या मुलाने एकही शब्द वाचला नाही.”

ते शांतपणे म्हणाले, “बाई, परीक्षा वाचनाची आहे, अर्थाची नाही.”

हे वाक्य मी पुढे कितीतरी लोकांना सांगितलं. लोक हसतात. त्यांना वाटतं मी विनोद सांगते आहे.

अमिना पास झाली. बाकीची काही पास, काही नापास. मी त्यात समाधान मानायला हवं होतं, असं तेव्हाही मला सांगण्यात आलं.

त्या संध्याकाळी दगाजी आले, धुरपीला घेऊन. दारातच उभे राहिले, डोक्याचा पटका हातात. “बाई, मास्तर सांगस, हाई मठ्ठ शे. शायामातून नाव काढतो म्हणे. माले खरं सांगा. तिले वाचता येस का नही?”

चावडीच्या भिंतीवर एक छापील जाहीरनामा चिकटवला होता, गुरांच्या साथीबद्दलचा. हेडमास्तरांनी तो गावाला वाचून दाखवला होता, पुण्याच्या मराठीत, सभेत भाषण करावं तसा. मी दोघांना तिथे घेऊन गेले. अजून उजेड होता. पारावर माणसं बसली होती.

“धुरपी, बापाला वाचून दाखव.”

तिला वेळ लागला. मोठे शब्द होते. काही ठिकाणी ती अडली आणि मी वाट पाहिली. दगाजींनीही पाहिली. त्यांना ती कला येत होती, पीक लावणारा माणूस. मग तिने बोट ठेवत ठेवत बापाच्या भाषेत सांगितलं. ज्यानं जनावर आजारी शे, तेनी ते येगयं बांधानं. डॉक्टर येई, सुई टोची. पैसा लागाव नही.

दगाजी म्हणाले, “मास्तर वाचत व्हता तवय माले वाटनं, दंड भरना पडी. म्हणीसन मी गाय दपाडी ठेवी.”

दंडाच्या भीतीने त्यांनी आजारी गाय लपवली होती, आणि तीही गोठ्यात, बाकीच्या गुरांच्या मागे. पारावरचा एक माणूस उठून आपल्या घराकडे चालू लागला. मग आणखी एक. काय कारणाने ते मी विचारलं नाही. दगाजींनी तिथल्या तिथे पटका बांधला. “पोर वाचस,” ते म्हणाले, मला नाही, पारावरच्या लोकांना. आणि गाय वेगळी बांधायला निघून गेले. ती गाय वाचली नाही. बाकीची गुरं वाचली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली तेव्हा ते धुरपीला घेऊन दारात होते. “नाव काढू नका,” ते हेडमास्तरांना म्हणाले.

“मी काय करू, दगाजीभाऊ? साहेबांनी नापास केलंय.”

“साहेब गया,” दगाजी म्हणाले. “पोर आठे शे.”

ते पायरीवर बसले. हेडमास्तरांनी नाव काढलं नाही. उन्हं चढल्यावर दगाजी उठले आणि कांदे काढायला गेले.

माझ्याबद्दल मात्र शेरा गेला होता. बाई फळ्यावर गावठी लिहितात, मुलांना बिघडवतात. सुट्टी लागायच्या आत बदलीचा हुकूम आला, पेठ तालुक्याच्या डोंगरात. मी अर्ज केला नाही. रडलेही नाही. अजूनही कुणी विचारलं की त्या बदलीने तुमचं नुकसान झालं का, तर मी म्हणते, माझं नाही झालं. त्या बसकराचं झालं.

कारण पुढचं मला तुकड्यातुकड्याने कळलं. नाशिकच्या बाजारात खूप वर्षांनी त्या गावची एक बाई भेटली. म्हणाली, धुरपी चौथी पास झाली, नामपूरला दिली, सासरची माणसं तिच्याकडून कागदपत्रं वाचून घेतात. “आता लय शुद्ध बोलते, बाई. लोकांसमोर शे म्हणत नाय.” त्या बाईला वाटलं मला आनंद होईल. मी तिच्याकडून मेथीची जुडी घेतली आणि घरी आले. आनंद झालाही थोडा. पण एखादं मूल वाचायला शिकतं तेव्हा त्याच्यापासून काय काढून घेतलं जातं, हे कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत. मी तिला ‘आहे’ शिकवलं ते ‘शे’ पुसण्यासाठी नव्हतं. पुसणारे इतर पुष्कळ होते.

गाव सोडलं त्या दिवशी सकाळी सर्व्हिस मोटार चावडीपाशी उभी होती. हेडमास्तर आले. हातात नारळ होता. नवी टोपी घातली होती. माझी ट्रंक त्यांनी स्वतः उभं राहून टपावर चढवायला लावली. मग खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही नाशिकच्या. तुम्हाला शे म्हणायची हौस परवडते. माझ्या मास्तरांनी मला ‘आहे’ येईपर्यंत मारलं. बोटं सुजायची. तसा शिकलो म्हणून मास्तर झालो. नाहीतर आज कांदे काढत असतो.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खरं बोलत होते. त्यांची बोटं मला त्या क्षणी दिसली, लहान मुलाची, सुजलेली. त्यांच्यावर झालेलं सगळं मला समजलं. आणि ते समजूनही, ज्याने ती बोटं आठवत असताना दुसऱ्याच्या बोटांवर छडी मारली, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही मऊ झालं नाही. मी थांबून पाहिलं, होतंय का. झालं नाही.

ते नारळ पुढे करत म्हणाले, “झालं गेलं. मनात काही ठेवू नका.”

“ठेवणार आहे,” मी म्हटलं.

ड्रायव्हरने हँडल मारलं, मोटार धडधडू लागली. ते नारळ धरून उभे होते. मी हात पुढे केला नाही.